निळ्या साडीवालीचं इंग्रजी

११ नोव्हेंबर, मंगळवार
सगळ्यात आधी आली ती तिसऱ्या मजल्यावरची देशपांडीण. दूधवाल्याच्याही आधी. म्हणे, चाळणी द्या. तिच्या घरी तीन चाळण्या आहेत, मी डोळ्यानं बघितल्यात. खरं काम निराळंच. "आजी, प्राजूला बघायला मद्रासी येणार म्हणे?" म्हटलं, बघायचं काय राहिलंय, पोरांनी एकमेकांना हापिसात कवाच बघितलंय. आता अरविंदचे आईबाप येणार, कोइमतूरहून, २३ला रविवारी. "मग त्यांच्याशी बोलणार कोण?" म्हटलं, मी. बाई चाळणी न घेताच गेली. एव्हाना खांदेश्वर स्टेशनापर्यंत बातमी पोचली असेल.

१२ नोव्हें.
हसू दे. चौथी पास बाई आणि इंग्रजी बोलणार. पण अरविंदच्या आईनं प्राजूला फोनवर स्वतः सांगितलंय, पोरगी जिनं वाढवली तिच्याशी बोलायचंय. मुलगा विलास आणि सून सुनीता दोघंही कामाला जायचे, नात माझ्याच हातात मोठी झाली. त्या बाईंना हिंदी येत नाही. तामिळ नाहीतर इं. मधे सांगणारं कोणी नको म्हणाल्या. गणिताच्या मास्तरीण होत्या. हुशार दिसतात.
प्राजूनं शिकवायचे व्हिडिओ लावून दिले. त्यातला माणूस आपला सफरचंद, टेबल, खिडकी. सफरचंदावर काय बोलू मी विहीणबाईंशी? मग तिनं नटनट्यांच्या मुलाखती लावल्या. हे मात्र बेस! एक विचारतो, एक सांगतो. चेहऱ्यावरनं निम्मं कळतं.

१४ नोव्हें.
गुरू मिळाली. निळी साडी नेसून बसलेली एक नटी. आडगावची, इं. उशिरा शिकली, असं तीच सांगते. सावकाश बोलते, शब्द शोधते, सापडला की हसते. नाव नको इथं, नि.सा. म्हणते.
रीत अशी. ती बोलली की थांबवायचं, आपण म्हणायचं, पुन्हा लावायचं. संध्याकाळी प्राजू लाटणं माईकसारखं पुढं करते. "मॅडम, हाऊ डू यू फील?" मी म्हणते, "आय फील व्हेरी ब्लेस्ड." सुनीता भाकरी थापत होती, हसताना भाकरीच मोडली.
पायऱ्या उतरतानासुद्धा पुटपुटते. वॉचमन म्हणाला, आज्जी जप चाललाय का? म्हटलं, व्हय बाबा.

१७ नोव्हें., सोमवार
आज एक उमगलं. ही नटमंडळी उत्तर देतच नाहीत! एकाला विचारलं, लग्न का मोडलं. तो हसला. म्हणाला, एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन. मग आईचे आभार, डायरेक्टरचे आभार, पाच मिनिटं बोलला आणि सांगितलं काहीच नाही. आमच्या गावच्या सरपंचाला हे जमलं असतं तर अजून खुर्चीत असता.
विलासला दाखवलं. तो एकदम गंभीर. "आई, हेच शिक. त्यांनी मागचं विचारलं तर असंच बोलायचं."
मागचं म्हणजे. लिहितेच आता. दोन वर्षांपूर्वी प्राजूचं कराडकडं ठरलं होतं. साखरपुडा झाला, पत्रिका छापल्या. आठ दिवस राहिले असताना त्या पोरानं हिच्या थोबाडीत मारली. लग्नाच्या हॉलच्या पार्किंगमधे, चारचौघांत. हिनं तिथंच अंगठी काढून दिली. अरविंदला सगळं माहीत आहे. त्याच्या आईबापांना नाही.

१९ नोव्हें.
जेवताना पुन्हा तेच. विलास म्हणतो, लग्न झाल्यावर सांगू. सुनीता म्हणते, पोरीकडंच बोट दाखवतात लोक. प्राजू ताट तसंच ठेवून उठली. मी म्हटलं, चोरी केलीय का तिनं? "आई, तुला माझी शपथ आहे, त्यांना सांगायचं नाही." शपथ घालून मोकळा झाला. मी ताटं उचलली.
नंतर नि.सा. लावली. ध्यान लागेना.

२२ नोव्हें., शनिवार
उद्या. नारळाच्या वड्या झाल्या. पडदे धुतले. सगळी वाक्यं पाठ आहेत, पण जिभेवर येतील का...

२३ नोव्हें., रविवार
आले. वडील उंच, शांत. आई बुटकी, पांढरे केस, डोळे असे की वहीतली चूक लांबून दिसावी. मी हात जोडून म्हटलं, "वेलकम. आय ॲम सो हॅपी टुडे." बाई हसल्या. वडी खाल्ली. मी कशी आहे, प्राजू लहानपणी कशी होती, सगळं विचारलं. जमलं! खरंच जमत होतं. मनात नाचत होते.
मग कप खाली ठेवून विचारलं, प्राजूचं याआधी कुठं काही ठरलं होतं का.
विलासनं माझ्याकडं बघितलं. आणि माझ्या तोंडून धडाधड, "एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन. इट वॉज अ ब्युटिफुल जर्नी. आय थँक माय डिरेक्टर."
अरविंदच्या वडिलांनी छताकडं बघितलं.
बाई सावकाश म्हणाल्या, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. अर्थ असा की, बत्तीस वर्षं शिकवलंय, पाठ केलेलं उत्तर मला ओळखू येतं. तुमचं उत्तर सांगा.
कानशिलं तापली. प्राजूची मान खाली. ती मान बघितली आणि शपथ गेली खड्ड्यात. माझ्याजवळ होते तेवढे शब्द काढले. "वन बॉय. रिंग. कार्ड प्रिंट. ही स्लॅप माय गर्ल. माय गर्ल गिव्ह रिंग बॅक. ऑल पीपल सी. शी नो बॅड. आय प्राउड."
बाईंनी विचारलं, "व्हाय डिड यू हाइड?" म्हटलं, "फियर."
नंतर फारसं बोलणं झालं नाही. चहा पुन्हा घेतला नाही. जाताना बाईंनी माझा हात धरला, पण चेहरा कोराच.

२४ नोव्हें.
विलास बोलत नाही. सकाळी एवढंच, "आई, होत आलेलं मोडलंस तू." सुनीता मधल्या मधे.
प्राजू शेजारी येऊन बसली. "आज्जे, स्लॅप नाही, स्लॅप्ड म्हणायचं." चूक काढत होती आणि रडत होती. मी म्हटलं, मारली ती मारली, त्याला शेपूट कशाला. मग दोघी हसलो. विलासनं आतून दार लोटलं.
मला पश्चात्ताप होत नाही. भीती वाटते. दोन्ही एकदम असू शकतं, कुणाला सांगू?

२५ नोव्हें., मंगळवार
अरविंदच्या आईचा फोन. थेट मला. व्हिडिओ नाही, नुसता आवाज, त्यामुळं चेहरा वाचायची सोय नाही. घरात बोलणं चाललंय म्हणाल्या. अरविंदच्या मोठ्या काकांना पटलेलं नाही. स्वतःचं काय, ते बोलल्या नाहीत. मी विचारलं, "यू अँग्री?" म्हणाल्या, फोनवर नाही, समोर बसून सांगेन. त्यांचा मार्गळी महिना १६ डिसेंबरला लागतो, मग महिनाभर लग्नाचं बोलत नाहीत. हो असो की नाही, त्याच्या आत.
१४ डिसेंबर, रविवार, सकाळी अकराला येतो म्हणाल्या. काकाही येणार.