रबराच्या हाताला कळलं

नांदेड
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय महानंदा,

सलाम. चाकूरला सगळे बरे असतील. किशनरावांचा खोकला उतरला का? तुझी लेक शिल्पा दिवाळीपासून माहेरी तुझ्याकडंच हाय, असं कळलं. तू फोन उचलत न्हाईस, म्हणून लिहून राहिले.

माझं बरं चाललंय. बांगड्यांचं दुकान बंद केलं.

माझा भाचा यासेर विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकतो. त्या पोरांनी मऊ रबराचा हात बनवलाय. त्याच्या बोटांना स्पर्श कळतो. काचेची बांगडी उचलतो, निसटायला लागली की हलकेच आवळतो. त्याला शिकवायचं म्हणून यासेर मला घेऊन गेला. "खाला, बांगडी भरताना तुमची बोटं किती दाबतात ते मोजायचंय." तारांचा हातमोजा घालून मी तिथल्या एका मुलीला बांगड्या भरल्या.

संगणकाच्या पडद्यावर माझ्या दाबाचा आकडा लई वर गेलेला त्यानं दोनदा बघितला. मग म्हणाला, "हातमोजा काढा. डोळे मिटा." थोड्या वेळानं विचारलं, "काही लागलं का?"

"न्हाई," मी म्हटलं. डोळे उघडले, तर तो माझ्या अंगठ्यावरून अन् बोटांवरून दोरा फिरवून राहिला होता.

डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दबलीय. बोटं लई दिवसांपासून सुन्न हायेत.

महानंदा, मला ते आधीच ठाऊक होतं. शिल्पाच्या लग्नाआधी तव्यावर बोट भाजलं, ते मला वासानं कळलं. तरी चुडा भरायला आले. दुसऱ्या कुणाला बोलाव, असं तुला सांगायला लाज वाटली. तिचा हात मीच जास्त दाबला. बांगड्या फुटल्या, रक्त आलं, अन् वऱ्हाडासमोर मी बोलून गेले, "पोरीनं हात ओढला. तिच्या मनात न्हाई हे लग्न." तिनं हात ओढला नव्हता. दातावर दात धरून बसली होती बिचारी.

त्या बोलण्यावरून सासरी तिला काय काय ऐकावं लागलं, ते माझ्या कानावर येत होतं. मी तोंड उघडलं न्हाई.

परवा नायगावला जाऊन तिच्या सासूला, केवळाबाईंना, सगळं खरं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या न्हाईत. "दोन वर्षं झाली, बाई. सोमवारी कोर्टात काडीमोडाच्या सह्या झाल्या. आता सांगून काय होतंय?"

मी एसटीनं परत आले.

हे पत्र शिल्पाला वाचू दे. माफी मागत न्हाई. तिनं हात ओढला नव्हता, हे माझ्या अक्षरात तिच्याजवळ असावं, एवढंच.

तुझी मैत्रीण असं लिहायला हात धजत न्हाई.

तुझ्या लेकीवर खोटा आळ घेणारी,
जोहरा