मुठीचा स्क्रू

अण्णा, आज सोलापुरात पाच दुकानं पालथी घातली. तुमच्या दोन लोखंडी रंध्यांची मूठ धरून ठेवणारा स्क्रू कुठंच नाही. "ह्या आट्याचा माल आता येत न्हाय, बाई. भंगारात घाला," शेवटचा दुकानदार म्हणाला. गुडघे दुखत होते, वाद घालायचं त्राण नव्हतं. मी दोन्ही रंधे पिशवीत घालून निघाले.

दुष्काळाच्या त्या साली तुमच्या सुतार सोसायटीला शाळेच्या बाकांचं काम मिळालं होतं. दुसरं काम नव्हतंच. सोसायटीच्या दोन लोखंडी रंध्यांपैकी एकाचा स्क्रू कुठंतरी पडून गेला, तेव्हा तुम्ही दुसऱ्याचा काढलात आणि फडक्यात बांधून माझ्याकडं दिलात. मी सोलापुरात मास्तरकीचं शिकत होते, शनिवारी एसटीनं तुळजापूरला यायचे. "नमुना हाय, जपून ने. असलाच आनखी एक आण," म्हणालात. मी तो नमुनाच हरवला. कुठं, ते आजही सांगता येत नाही. तुमच्यापुढं तसंच यायची हिंमत होईना, म्हणून दिसायला सारखे दोन स्क्रू घेतले, एक मातीत घासून जुना केला आणि नमुना म्हणून परत दिला.

ते मला अजून दिसतं: तुम्ही सोसायटीच्या शेडमध्ये उकिडवे बसून, नमुना ज्याचा होता त्या रंध्यात तो पिळताय. स्क्रू अर्ध्यात अडतो. तुम्ही तेलाचा थेंब सोडता. "ह्याचाच हाय की, जाईल," म्हणता आणि जोर लावता. मी दारात उभी राहून बघते आहे. आतले आटे गेले, स्क्रू नुसता गरगर फिरायला लागला. "माझाच हात जड झाला," तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. नवा स्क्रू, ज्याचा आधी पडून गेला होता त्या रंध्याला लावूनही पाहिला नाहीत. बाकं लाकडी रंध्यानं पुरी केलीत. पुढं कुणी नाजूक काम आणलं की हात जड झालाय म्हणून दुसऱ्याकडं पाठवायचात. तुम्ही जाईपर्यंत मी ते ऐकून घेतलं, आणि नोकरीभर पोरांना खरं बोलायला शिकवत राहिले.

सोसायटी मोडली तेव्हा दोन्ही रंधे मी मागून घेतले होते. आज अखेर एका लेथवाल्यानं माप घेऊन स्क्रू करून दिला. एका रंध्यात तो अलगद बसला. दुसऱ्यात फिरतच राहतो, तो आता दुरुस्त व्हायचा नाही. हा कागद त्याच्याभोवती गुंडाळून ट्रंकेत ठेवते आहे.

तुमचा हात जड झाला नव्हता, अण्णा. स्क्रू दुसरा होता, आणि तुम्ही जोर लावत होतात तेव्हा मला ते माहीत होतं.