छपरातल्या नळीचा उजेड

अगं,

तू बाजारातून येशील तेव्हा मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे असेन. घाबरू नकोस.

छपरातून ऊन आत आणणाऱ्या नळीतून कोरलच्या टाकीत पुरेसा उजेड येत नाही, म्हणून महिनाभर मी ओरडतोय. तीनदा वर चढून नळीचं झाकण पुसलं, आणि नळी तुझ्या भावाने बसवली म्हणून त्याच्या माथी खापर फोडलं. काल तो उजेड मोजायचं मीटर घेऊन आला. आकडा पहिल्या दिवशी होता तेवढाच निघाला. तो चहा पिऊन गेला. त्याची माफी मी मागेन, तू मध्ये पडू नकोस.

माशांना खायला घातलंय. टाकीतलं पाणी उतरलं असेल तर साधंच घाल, मिठाचं नको; पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं.

डोळ्यांत थेंब घातल्यावर दोन-तीन तास धुरकट दिसतं, सोबत कुणाला तरी आणा, असं डॉक्टर फोनवर म्हणाले होते. ते मी तुला सांगितलं नाही. बाराला न्यायला ये.

एरवी तू टाकीकडे ढुंकूनही बघत नाहीस, पण आज निघताना कोपऱ्यातलं निळं कोरल बघून ये. मला ते राखाडी दिसतंय. निळंच असेल तर तसं सांग, माझ्या समाधानासाठी राखाडी म्हणू नकोस.