विहीर बंद करायची वेळ

किलबारा, वेस्ट कॉर्क
सोमवार, १९ ऑक्टोबर २००९

माझ्या इटाबाळा,

आजीचे तुला पुष्कळ पापे. तू वेळेवर जेवतेस आणि पायांत मोजे घालतेस असं मी धरून चालते. इकडे मी आहे, नऊ कोंबड्या आहेत आणि पाऊस आहे. त्यांत सगळ्यात धडधाकट पाऊसच.

अक्षर बघून दचकू नकोस, म्हातारी या वयात शाळेत गेलेली नाही. माझ्या पायाची पट्टी बदलायला डिंपना नर्सबाई येते, ती लिहिते आहे. मी बोलेन तसंच लिही, शहाणपणा करून सुधारू नकोस, अशी तिला ताकीद दिली आहे. ती म्हणते, "नोनी आजी, जरा दमानं. हा माझा हात आहे, यंत्र नाही." म्हटलं, हेही लिही.

तर इटा, तू घरी ये. लगेच ये. कारण सांगते, पण मला माझ्या चालीनं सांगू दे.

तुझ्या बापाची रविवारची भाषणं बंद झाली. तू गेल्यावरही तो त्या जुन्या खुराड्यात बसून इंटरनेटवरून जगाला तेल संपल्याची बातमी देत होता. मी दाराबाहेर बादली पालथी घालून ऐकायची. मला अक्षर येत नाही, त्यामुळे जग मला जे कळलं ते कानानं, आणि गेली काही वर्षं ते तुझ्या बापाच्या, माझ्या फिनबारच्याच आवाजात. तेल जमिनीतून कसं काढतात, ते महाग झालं की बँका का गडगडतात, कोबी मिठात कसा मुरवायचा. कोबीचं मीच त्याला सांगितलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकताना नवं वाटायचं. तेलाशिवाय कसं जगायचं ते तो मला शिकवायचा! मला! आमच्या घरात विजेचा दिवा लागला तेव्हा तो रांगत होता.

त्यानं तुझं नाव घेतलं त्या रविवारीही मी बादलीवर होते. "माझी स्वतःची मुलगी विमानात चहा वाटते, आकाशात तेल ओतायच्या धंद्यात आहे," असं तो सगळ्या जगापुढे बोलला. मी तेव्हाच आत जाऊन त्याच्या मुस्काटात द्यायला हवी होती. पन्नाशीच्या मुलाला मारायचं कसं, याचा विचार करत बसले.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तेलाचा भाव खरंच भडकला. गावाच्या हॉलमध्ये त्याला बोलावलं, खुर्च्या कमी पडल्या. नाताळपर्यंत भाव पुन्हा उतरला आणि सगळे आपापल्या गाड्यांत बसून ते भाषण विसरले. त्यानं मात्र ट्रॅक्टर विकून टाकला होता. वरचं दोन एकरांचं रान फावड्यानं खणून बटाटा लावायचा, आणि तोही सावडीनं, जुन्या पद्धतीनं, सगळ्या गावानं मिळून. सावड म्हणजे काय, यावर त्यानं तीन रविवार भाषण केलं.

पण सावडीला बोलवायचं कसं, हेच तो विसरला. तुला माहीत आहे आपल्याकडची रीत. दारोदार जायचं, चहा घ्यायचा, गाईची चौकशी करायची, आणि निघताना उंबऱ्यावर उभं राहून, "शनिवारी जरा रान खणावं म्हणतो," एवढंच बोलायचं. त्याआधी आपण त्यांच्या रानात राबलेलं असलं पाहिजे. गेली चार वर्षं हा कुणाचं गवत कापायला गेला नाही, खुराड्यात भाषणं लिहीत बसला. आणि आमंत्रण दिलं कुठून, तर खुराड्यातूनच! ते न्यूझीलंडच्या एका माणसानं ऐकलं, बिचाऱ्यानं इंटरनेटवरूनच दिलगिरी कळवली. गावात कुणी ऐकलं नाही, आणि ज्यांनी ऐकलं त्यांना राग आला.

मार्चमधल्या त्या शनिवारी मी सोडा घालून सहा पाव भाजले, दोन मोठे मांसाचे तुकडे उकडले, वीस कप मांडले. दुपारपर्यंत तो बांधावर फावडं घेऊन बसला होता. कोणी आलं नाही. शेवटी मीच गेले आणि म्हटलं, "चल, आपण दोघं वीस कप चहा पिऊ." तो हसला नाही, इटा. मग सबंध महिना त्यानं एकट्यानं खणलं.

त्याचा आवाज तेव्हाच बसला होता. ऐकणारे कळवायचे, तुमचा माईक खरखरतो. त्या न्यूझीलंडवाल्यानं नवा माईक पाठवला. नव्या माईकमधूनही तीच खरखर. जुलैत मी त्याच्या मागे लागून त्याला कॉर्कला डॉक्टरकडे लावून दिलं. घशात गाठ होती, ती वाईट होती. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढून टाकू. आवाज जाईल, पण माणूस राहील.

डिंपना थांबली आहे. लिही गं, लिही. पुढचं याहून वाईट आहे.

तो नाही म्हणाला. टेबलाशी बसून मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. "आई, पिंपभर तेल काढायला पिंपभर तेल जळायला लागलं, की विहीर बंद करायची. पुढे उपसण्यात अर्थ नसतो."

"तू विहीर नाहीस, गाढवा. तू फिनबार आहेस."

"आणि आवाज काढून कोणासाठी राहू? तू चौऱ्याऐंशीची. इटाला मी फेब्रुवारीत पत्र लिहिलं, माफी मागितली. तिनं उत्तरही दिलं नाही."

इटा, तू उत्तर दिलं होतंस.

मार्चमधल्या त्या सावडीच्या शनिवारीच पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं. तिकीट परदेशी होतं, परदेशातून या घरी लिहिणारी तूच. आणि पाकीट पातळ होतं. मी ते हातात तोलून बघितलं. मला वाटलं, माफ करायचं असतं तर पोरीनं पानंच्या पानं लिहिली असती. एवढं पातळ पत्र म्हणजे नकार. तो तिकडे बांधावर एकटा बसलेला. आज नको, उद्या देऊ, म्हणून मी ते पिठाच्या डब्यात ठेवलं. मग उद्याचं परवा झालं. मग पीठ संपलं की पत्र बाहेर काढायचं, नवीन पीठ भरलं की वर ठेवायचं, असं चाललं. जुलैत तो "उत्तरही दिलं नाही" म्हणाला तेव्हा डबा माझ्या पाठीमागे चार पावलांवर होता. मी म्हणाले, "असेल कामात." आता नकार हातात दिला तर हा आजच मरेल, असं मला वाटलं.

गेल्या मंगळवारी गावचे चौदा जण फावडी घेऊन वरच्या रानात आले. कोणी बोलावलं नव्हतं. टिमी कॉटरनं आपला ट्रॅक्टर मुद्दाम फाटकाबाहेर ठेवला, फिनबारला आवडणार नाही म्हणून. सगळे बटाटे काढले, पोत्यांत भरले, आणि मी चहा विचारला तर, "राहू दे नोनी, तू बस," म्हणाले. आपल्या गावात न बोलावता सावड कोणाच्या घरी येते ते तुला ठाऊक आहे, जिथला माणूस आता उठायचा नाही त्याच्या. फिनबार खिडकीतून बघत होता, त्यालाही ठाऊक आहे. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

शुक्रवारी डिंपना आली तेव्हा मी डबा उघडला आणि तिला म्हटलं, वाच. एक ओळ होती. "बाबा, मी येते, फक्त कधी येऊ ते कळवा." आणि खाली तुझं नाव. मी सात महिने तुझ्या ओळीवर पीठ ओतत होते. तिकडे तू उत्तराची वाट बघत असशील, आणि बापानं मन दगड केलं असं म्हणत असशील. त्यानं काही केलं नाही. मी केलं. जुलैत ही ओळ त्याला मिळाली असती तर तो नाही म्हणाला नसता. डॉक्टर आता चाकू लावत नाहीत. दोन-तीन आठवडे, म्हणाले. नुसता रस्सा घशाखाली उतरतो, तोही चमच्यानं.

काल त्याच्या पलंगाशी बसून मी त्याला सगळं सांगितलं. पत्र हातात दिलं. त्यानं ते कितीतरी वेळ वाचलं, एका ओळीला एवढा वेळ लागत नाही. मी म्हटलं, "शिव्या दे मला." त्याचा आवाज आता कुजबुजीएवढाच उरला आहे, कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागतो. त्यानं शिव्या दिल्या नाहीत.

मी म्हटलं, "तिला बोलावते. बोटीनं ये म्हणून कळवते." त्यानं मान हलवली, नाही.

म्हणाला, "बोटीला दीड दिवस लागतो, आई. तिला म्हणावं, विमानानं ये."

हे पत्र डिंपना आजच्या टपालात टाकते आहे. तुझा फोन नंबर बदलला आहे, पाकिटामागचा पत्ता तेवढा आमच्याकडे आहे. तू पोचेपर्यंत मी त्याच्याशी बोलत राहीन, त्याला झोपू देणार नाही. तू मला माफ करू नकोस, त्यात वेळ घालवू नकोस. आधी ये.

तुझं पत्र दडवून बसलेली,
तुझी आजी
नोनी