खेचराचं पुढं काय झालं

९ ऑक्टोबर, सोमवार
सुट्टी संपली. आजपासून नवा मी. महिनाअखेरीच्या परीक्षेत वर्गात पहिल्या दहात यायचंच. निकालानंतर सगळ्यांनी दप्तर घेऊन कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं, हान बाई नंबराप्रमाणे नाव पुकारणार, ज्याचं नाव येईल त्यानं आत जाऊन हवी ती जागा धरायची. माझी जागा ठरलेली आहे. पहिली रांग, रुओलानच्या शेजारी. ती इंग्रजीत पहिली. मीही होणार. तेव्हा हे ओघानंच आलं.
रोज एक इंग्रजी व्याकरणाचा उतारा सोडवायचा. उद्यापासून.

११ ऑक्टोबर
माझी पद्धत सायंटिफिक आहे. उताऱ्यात दहा रिकाम्या जागा. जागेच्या अलीकडचा एक शब्द बघायचा, पलीकडचा एक, आणि ठोकून द्यायचं. उतारा वाचायचा नाही. गोष्टीत शिरला तो संपला.
शेजारी योंगछाओ. गेल्या वर्षापासून आम्ही एका बाकावर. हा बाबा अख्खा उतारा वाचतो, ओठ हलवत. मग मला कोपरानं ढोसून कुजबुजत गोष्ट सांगतो. आज काय, तर एक म्हातारी आणि तिचं चोरीला गेलेलं लोणच्याचं मडकं. मी म्हटलं, टाइमपास नको. तो म्हणाला, बरं साहेब, म्हणजे चोर कोण ते नको ना? मी म्हटलं, लवकर सांग.
सून होती.

१६ ऑक्टोबर
दहापैकी तीन. छपाई फार पुसट.
योंगछाओला आठ. त्याच्या कागदाची छपाई बरी असावी.
त्याची काळजी वाटते. मी पहिल्या रांगेत गेल्यावर त्याचं कसं व्हायचं? रुओलानविषयी मी त्याला रोज सांगतो, म्हणजे मनाची तयारी होईल. बिचारा ऐकून घेतो.

१९ ऑक्टोबर
आज हळूच विषय काढला. आधी लातियाओचं, त्या तेलकट मसालेदार पट्ट्यांचं, पाकीट दिलं, त्याला आवडतो तो जहाल तिखट. म्हटलं, माणसानं एकटं राहायची सवय ठेवावी. तो बोटं चाटत म्हणाला, काय रे ल्यांग, मरतोयस की काय?
तेवढ्यात मागच्या दाराच्या काचेत हान बाईंचा डोळा. तास संपेपर्यंत मी उभा. पाकीट माझं होतं म्हणे. तेल त्याच्या बोटांना होतं, हे कोणी बघितलं नाही.

२४ ऑक्टोबर
आईला फोनवर सांगून टाकलं, पहिल्या दहात आहे. तिनं दोन्ही मावश्यांना कळवलं. आता माघार नाही. उतारे तीन दिवस राहिलेत, रविवारी एकदम उरकतो.
आज योंगछाओची गोष्ट: डोंगरातला पोस्टमन आणि त्याचं खेचर. बर्फात वाट चुकले. पुढं झुलता पूल, खाली नदी. खेचर पुलाच्या मधोमध थांबलं, काही केल्या पाऊल टाकेना. आणि घंटा झाली. तो म्हणाला, उरलेलं नंतर. मी म्हटलं, मला काय करायचंय खेचराशी?

२७ ऑक्टोबर
परीक्षा उत्तम. सगळ्यांत आधी पेपर माझाच झाला.

१ नोव्हेंबर
लिहवत नाही. तरी लिहितो.
कॉरिडॉरमध्ये उभे होतो. रुओलान पहिली आत गेली. सातवं नाव आलं, फान योंगछाओ. आधी वाटलं, बाईंचा चष्मा बदलायला झालाय. तो दप्तर सावरत म्हणाला, जरा सरक रे. मी सरकलो! वर वाट करून दिली! खिडकीतून पाहतो तर हा आमच्या बाकाकडे गेलाच नाही. सरळ पहिली रांग. रुओलानच्या शेजारी.
गद्दार. जागा कोणती चांगली, हे त्याला कोणी शिकवलं?
माझं नाव शेवटून दुसरं. उरली कचऱ्याच्या डब्याजवळची जागा आणि बाईंच्या टेबलाला चिकटवलेलं एकटं बाक. निवडायचा त्रास बाईंनी दिला नाही.
आईला सांगितलं, मला पहिल्या रांगेच्याही पुढं बसवलंय. खूश झाली.

३ नोव्हेंबर
डोक्यात खडू, कानात हान बाई.
मी त्याला सोडणार होतो, पण रीतीनं, पाकीट देऊन. यानं एक शब्द नाही.

६ नोव्हेंबर
उतारा झटपट सोडवला आणि सवयीनं डावीकडे वळलो. भिंत.
मग उगाच खेचर आठवलं. त्याला विचारणं माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणून तो जुना कागद काढला आणि डिक्शनरी घेऊन वाचायला बसलो. पहिल्यांदाच, अख्खा. पूर्ण तास गेला. चहाचे मळे, माती, पानं खुडायचं यंत्र, निर्यात. पुन्हा वाचला. पोस्टमन नाही. बर्फ नाही. खेचर कुठंच नाही.
म्हातारीचा कागद काढला. त्यात शहरातले सायकलींचे रस्ते. मडकं नाही, सून नाही.
कॅन्टीनच्या रांगेत त्याला गाठला. म्हटलं, वर्षभर मला फसवलंस. तो म्हणाला, एक उतारा वाचला असतास, तर पहिल्याच आठवड्यात पकडलं असतंस. मी रोज वाट बघत होतो, कधी पकडतोस. मी म्हटलं, मग सोडून का गेलास? तो ताटाकडे बघत म्हणाला, तूच म्हणालास ना, एकटं राहायची सवय ठेवावी? आणि नूडल्स घेऊन गेला, रुओलानच्या टेबलाकडे.
फार राग आला. आणि रडूही आलं, ते मिरचीमुळं.
उद्यापासून अख्खा उतारा वाचायचा. पण खेचर अजून पुलावरच उभं आहे. पुढं काय झालं ते कुठल्याच कागदावर नाही, आणि मी त्याला विचारलं नाही.