पायगाडीचा चिमटा आणि देवीखालचे छर्रे

मु. लालबाग, मुंबई
कोजागरीचा दुसरा दिवस, शके १८१६

व्याही दगडूबुवा, माहीम, यांना गुणाजी फिटरचा रामराम.

इकडे सगळे धडधाकट. तुमचा गुडघाही बरा असेल असं धरून पुढे लिहितो (नसेल तर एरंडाचं पान गरम करून बांधा, वैद्याला घरात घेऊ नका). विहीणबाईंना नमस्कार सांगा. लालबाग ते माहीम चालत किती ते, तोंडीच सांगायला आलो असतो. पण मागच्या खेपेला आपण दोघं नुसतं बोलत होतो तर तुमचे शेजारी भांडण सोडवायला धावले, म्हणून हे पत्र.

लग्नात तुम्ही सांगितलंत की जावयाला, तुमच्या शिवाला, दिवाळसणाला पायगाडी पाहिजे, साहेब लोक दोन चाकांवर बसून पाय मारतात ती, वखारीत चालत जाऊन त्याच्या वहाणा झिजतात. पायगाडी तयार असेल तर आमची नलू दिवाळीला माहेरी येईल, नाहीतर नाही. मी म्हटलं, तयार असेल. (वैशाखात पोरीचं लग्न झालं. नागपंचमीला तिला धाडायचं तर तुम्ही पावसाचं निमित्त काढलंत. ते असो.)

आमच्या गिरणीतला एक साहेब विलायतेला परत गेला, त्याची पायगाडी मी घेतली. गाडी चांगली, पण साहेबानं ती गिरणीच्या फाटकावर घातली होती, त्यामुळे पुढच्या चाकाला धरणारा जो लोखंडी चिमटा असतो तो बैलाच्या शिंगासारखा वाकलेला. सगळे म्हणाले, हे काम इथं व्हायचं नाही, चिमटा विलायतेहून मागवा. मी तीस वर्षं गिरणीची चाकं फिरवतोय. लोखंड इथलं काय नि तिथलं काय, तापलं की वाकतं. पाना घेतला, गाडीची हँडलखालची मान सोडवली, चिमटा खाली ओढला. त्याबरोबर आतून ज्वारीच्या दाण्याएवढे पोलादी छर्रे टपाटप जमिनीवर. वरच्या वाटीत वीस, खालच्या वाटीत वीस. या छर्‍यांवरच गाडीची मान फिरते, हे मला ते खोलीभर पसरल्यावर कळलं. बायको सुभद्रा आणि मी अर्धा दिवस रांगत होतो. चाळीसच्या चाळीस सापडले.

आता हे ठेवायचे कुठे? चाळीत वस्तू कुठंही ठेवा, कुणाचा तरी हात लागतो. कोपर्‍यात लाल मातीची टोपली दिसली. म्हटलं, मातीत कोण हात घालतो. छर्रे तेलाच्या फडक्यात बांधले, मेणकापडात गुंडाळले, तळाशी पुरले आणि चिमटा घेऊन गिरणीच्या लोहाराकडे गेलो. (या सणावारांच्या तिथ्या मी लक्षात ठेवत नाही. ते बायकांचं खातं.) चिमटा लाल करून, ठोकून, दोरी धरून सरळ केला. घरी येऊन बघतो तर त्याच मातीत सात धान्यं पेरलेली, वर पाण्याचा कलश, कलशावर नारळ, शेजारी दिवा. घटस्थापना झालेली.

मी म्हटलं, एका बाजूनं बोट घालतो, देवीला कळणारसुद्धा नाही. सुभद्रा दिव्यात तेल घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"देवी बसलीय. दसर्‍यापर्यंत उठायची नाही. तुमची गाडीही नाही."

आता नऊ दिवस हातावर हात ठेवून बसणारा मी नव्हे. बंदुकीचे शिशाचे छर्रे आणले, वाटीत भरले, गाडी जोडली. मान फिरली. मी लालबागच्या रस्त्यानं निघालो. (बसायला मी साहेब असतानाच तीन दिवसांत शिकलो होतो. शिवाला महिना लागेल, त्याचा राग मानू नका.) पहिल्या वळणापर्यंत उत्तम. वळणावर हँडल जागचं हलेना. शिसं माझ्या वजनाखाली चपटं होऊन वाटीला चिकटलं होतं. रस्ता वळला, मी सरळ गेलो, तो सोनूबाई कोळणीच्या बोंबलांच्या टोपलीत.

ती म्हणाली, "मेल्या, वळायचं नव्हतं तर निघालास कशाला?"

टोपली मला घ्यावी लागली, आणि घरी नवरात्र, म्हणजे बोंबील उंबर्‍याच्या आत नेणं शक्य नाही. गिरणीतल्या ख्रिस्ती मिस्तरीला देऊन आलो. तो आता रोज विचारतो, पुन्हा गाडीवर कधी बसणार.

मग मात्र दसर्‍याची वाट बघितली. रोज सुभद्रा घटाला पाणी घाली आणि प्रत्येक थेंबाला मला छर्‍यांवर गंज चढताना दिसे. दसर्‍याला घट हलवला तर धान वीतभर वाढलेलं, पिवळंधमक. (सुभद्रा म्हणते देवीची कृपा. मी म्हणतो ऊब होती.) मुळं मेणकापडाभोवती घट्ट आवळली होती. सोडवलं, तर आत चाळीस छर्रे, आरशासारखे. सुभद्रानं त्यांना हळदकुंकू वाहिलं.

बसवताना माझ्या जाड बोटांतून ते निसटत होते आणि माझ्या तोंडातूनही बरंच काही निसटत होतं. शेवटी तिनं मला बाजूला सारलं. वाटीत मेण लावलं, आणि मणी ओवावेत तसे एकेक करून चाळीसही बसवले. (हे बाहेर सांगू नका.) मी वरून नट आवळला. काल परळच्या तळ्याला दोन फेर्‍या मारल्या. एका बोटानं वळते. तर गाडी तयार आहे. मी दिलेला शब्द पाळला.

आपला,
गुणाजी

ता. क. शिवाला सांगा, उतारावर पाय सोडून बसू नये आणि कोळणीला नेहमी उजवी बाजू द्यावी.

आणखी एक. वर तयार लिहिलं ते कालपर्यंत खरं होतं. आज सकाळी मी चिमटा पुन्हा काढला. तो ठोकून सरळ केल्यामुळे त्याची बैठक माझ्या हाताखेरीज कुणाला जमायची नाही, तेव्हा गाडी न्यायला माणूस पाठवू नका. नलूला वसुबारसेच्या आधी चार दिवस धाडा, शिवा पाडव्याला येऊ दे. ती दारात उतरली की मी जोडायला बसतो. मला घाई नाही. सुभद्राच रोज जिन्याकडे कान लावून असते.

शेवटचं. छर्रे या खेपेला सुभद्रानं लपवलेत. सगळी खोली पालथी घातली, मला मिळाले नाहीत. विचारलं तर म्हणते, नलूला सांगेन.