बायकांच्या नाचाची कॅसेट

१२ जानेवारी १९९८, सांगली
कॅसेट आली एकदाची परत. मावशीच्या रेखाने अमेरिकेहून पाठवलेली आपल्या व्हीसीआरवर लागतच नव्हती, नुसत्या मुंग्या. ह्यांनी दुकानात देऊन आपल्याकडे चालेल अशी करून आणली. दुपारी लावली. वाटलं होतं, बेली डान्स शिकवायची कॅसेट म्हणजे सिनेमातल्यासारखं चमचम काहीतरी असेल. तसं नाही. पन्नाशीची जाड बाई. डोक्याला फडकं, दंडावर गोंदण, घेरदार घागरा, पोट उघडं. मागे तिघी. कुणाला दाखवायला हसत नाहीत, एकमेकींकडे बघतात. इंग्रजी निम्मं कळलं. पोट लपवू नका, असं काहीसं म्हणाली. बंद केली. चहा केला. परत लावली.

१९ जाने.
सासूबाई जेवून आडव्या झाल्या की दोन ते तीन, रोज. कंबरेने आठ काढायचा, पाय जागचे हलवायचे नाहीत. उजवा अर्धा जमतो. डावीकडे टाका ओढतो. ऑपरेशनला चौदा महिने झाले. पिशवी काढली तेव्हापासून पोटाला हात लागतो तो अंघोळीला, साबण लावताना. ह्यांची गादीही तेव्हापासून बाहेरच्या खोलीत. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२४ जाने.
कडी लावायची राहिली. शेजारच्या मगदुमांची सून पद्मा वाटी घेऊन दारात. त्यांचा हळदीचा व्यापार, घर मोठं, माणसं बारा. "अक्का, हे काय करताय?" सांगितलं. तिने पदर खोचला आणि दहा मिनिटांत आठ काढून दाखवला. पंचवीस वर्षांची आहे. आधी राग आला. मग म्हटलं, उद्या ये.

३० जाने.
हालचालींची नावं आम्हीच पाडली. जातं, आठ, चाळण. चाळण म्हणजे सगळं अंग थरथरवत चालायचं. पद्माला चिकोडीला माहेरी ताक घुसळायची सवय, तेच कामी येतं म्हणते.
या नाचात ठरवून बसवलेलं काही नाही. एक पुढे, बाकीच्या मागे. पुढचीने हात उचलला की मागच्यांनी ओळखायचं आता काय येणार. मग ती वळते, दुसरी पुढे येते. आधी मी पुढची होते. आज पद्माला पुढे केलं. पहिल्यांदाच डावीकडे ओढलं नाही. की ओढलं आणि कळलं नाही.

९ फेब्रु.
कॅसेट कपाटात नाही. हे म्हणाले, "नीट दिसत नव्हती ना, दुकानात दिलीय." मी कधी तक्रार केली?

१२ फेब्रु.
आली. शिकवणीचा भाग स्वच्छ. शेवटी त्या चौघींचा सलग नाच आहे, त्यावर मात्र रेघा. दुरुस्तीला देऊन असं कसं?

१६ फेब्रु.
महिला मंडळात नाव दिलं. आठ मार्च, दोघींचा नाच, आठ मिनिटं. अध्यक्षाबाईंनी वहीत "अरबी लोकनृत्य" लिहून घेतलं. ब्लाऊज लांब शिवायचे, पोट झाकलेलं. जुन्या सुती साड्यांचे दोन घागरे माझ्याच मशीनवर. पद्मा म्हणाली, "सासूला लोकनृत्य सांगितलंय. खोटं कुठाय?" शाळेतलं लेझीम सुटल्यापासून चार माणसांत उभी राहिले नाही. एकोणीस वर्षं.

२० फेब्रु.
शेवंता भांडी घासता घासता म्हणाली, "वैनी, येक सांगू? रागावू नका."
"सांग."
"तुमची ती बायांच्या नाचाची क्यासेट विट्यात तिकीट घिऊन व्हिडिओवर लावत्यात. आमचं मालक गाडी घिऊन गेलं हुतं, बघून आलं. लय गर्दी म्हनं."
"तीच कशावरून?"
"डोस्क्याला फडकं, हातावर गोंदल्यालं, जाडी बाई. मी सवंपाकघरातनं बघती की रोज. तीच हाय."

संध्याकाळी ह्यांना विचारलं. पेपर वाचत होते. "दुकानदाराने ठेवली असेल एक काढून. सगळेच ठेवतात."
"आणि नऊ तारखेला दिलीत तेव्हा? दुकानात गेलीच नव्हती ना?"
त्यांनी पान उलटलं. मग, "ऑफिसातल्या चौघांनी बघितली. त्यात काय एवढं. नाचच आहे."
"मग आठ तारखेला बघायला या. मी करतेय."
पेपर खाली आला. "तू? अगं, तुझं ऑपरेशन झालंय."
चौघांनी बसून परक्या बायकांची पोटं बघितली. एकच जागा परत परत, रेघा येईपर्यंत. आणि माझं पंधरा महिन्यांत

सा.बाई आल्या. नंतर लिहीन.

२१ फेब्रु.
नंतर लिहायलाही काही नाही.

२४ फेब्रु.
तीन दिवस पद्मा नाही. शेवटी मीच गेले. तिची सासू सोप्यात. बसा म्हणाल्या नाहीत. "आमचे हे मार्केट यार्डातून मान खाली घालून आले. तुमच्याकडची कॅसेट गावभर झालीय. आमच्या सुनेचं नाव त्यात नको."
पद्मा स्वयंपाकघराच्या दारात, डोक्यावर पदर. म्हटलं, "पद्मा, तू सांग."
"मला काय माहीत? काकूंनी बोलावलं म्हणून जायचे. बसून बघायचे नुसती."
काकू. महिनाभर अक्का होते. तिथल्या तिथे बोलता आलं असतं, तीन आठवडे हीच पुढे होती म्हणून. नाही बोलले. घरी आल्यावर वाटलं, तिला त्या घरात राहायचंय, दुसरं काय बोलेल बिचारी. पटतं. तरी ताट झाकून ठेवलं. तिचा घागरा अजून मशीनवर आहे, नाडी घालायची राहिली.

२८ फेब्रु.
अध्यक्षाबाई स्वतः आल्या. "यंदा तुमची रांगोळी ठेवू या. नाचाचं पुढच्या वर्षी बघू." त्यांनीही कॅसेटबद्दल ऐकलंय. बघितली का विचारलं. "छे, आमच्या ह्यांनी सांगितलं." म्हणजे त्यांच्या ह्यांनी बघितली. रांगोळीला नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं. वाटू दे.

२ मार्च, सातारा
आईकडे आले. किती दिवस ते सांगितलं नाही. सा.बाईंनी कपड्यांची पिशवी बघितली, विचारलं नाही. ह्यांना चिठ्ठी ठेवली. कॅसेट तिकडेच. आईकडे व्हीसीआर नाही, आणली असती तरी काय.

५ मार्च
वरच्या खोलीत दोन ते तीन. खिडकीतून अजिंक्यतारा, बाकी कोण बघणार. आई जिना चढून आली. गुडघे दुखतात, तरी आली. ट्रंकेवर बसून बघत राहिली.
"एकटीने करतात हे?"
"नाही."
"तरीच. सारखी मागे बघतेस."
मग म्हणाली, "टाका दुखतो?" इतक्या महिन्यांत कुणी पहिल्यांदा विचारलं. मी हो म्हणाले, आणि थांबताच येईना. रडणं. तिने पाठीवर हात ठेवला नाही. बसून राहिली फक्त. ते बरं केलं.

८ मार्च, रविवार
दोन वाजता हे आले. एस.टी.ने, न कळवता. खाली बाहेरच्या खोलीत त्यांचा आवाज, "घरी सगळं अडलंय." कॅसेटबद्दल, पद्माबद्दल काही ऐकू आलं नाही.
आई वर आली. "जावईबापू आलेत. काय सांगू?"
"सांग, सराव चाललाय."
आई लगेच उतरली नाही. "किती वेळ चालतो?"
"तासभर."
"मग मी तासाभराने चहा टाकते."
गेली. तिने खाली तेच सांगितलं, शब्द न बदलता.
सराव केला नाही. भिंतीला टेकून बसले आणि हे लिहिलं. तीन वाजून गेले. खाली कपबशा वाजताहेत. आईने एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली नाही. मी अजून उठलेले नाही.